एक काना कमी

सूचनाफलकावर नोटीस लागली आणि दुपारपर्यंत अख्खं विद्यापीठ हसू लागलं. ‘वादग्रस्त व्याख्यानासाठी येणाऱ्या वक्त्यांचा चोख बंदोबस्त करण्यात येईल.’ खाली सही विद्यार्थी कल्याण विभागाच्या प्रमुखांची, म्हणजे मॅडमची. वक्त्यांसाठी पोलीस असतील, एवढंच बिचाऱ्यांना सांगायचं होतं. पण एखाद्याचा बंदोबस्त करणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आयोजकांनी फोनवर थयथयाट केला, "ही सरळ सरळ धमकी आहे!" विरोध करणारी मुलं दारात येऊन टाळ्या वाजवून गेली, "मॅडम, तुम्ही आमच्याच!" मॅडमनी दोघांचीही समजूत काढली आणि दोघंही तोंड वाकडं करून निघून गेले.

"तुमच्या नोटिशीत अशी चूक कधी नसते हो," हेडक्लार्क चाचरत म्हणाले.

"घाई झाली," मॅडम म्हणाल्या.

घाई कसली! आजवरची प्रत्येक नोटीस आधी लेकीच्या हातून जायची. घरात माणसं दोनच, मॅडम आणि याच विद्यापीठात शिकणारी त्यांची लेक. चहा पिता पिता ती कागद ओढून घ्यायची आणि म्हणायची, "आई, परत काना खाल्लास. उपाशी ठेवतात का तुला ऑफिसात?" या वेळी कागद तिच्यासमोर गेलाच नव्हता. व्याख्यानाला परवानगी दिल्यापासून लेक आईशी धड बोलत नव्हती.

येणारा वक्ता सांगत फिरत होता की बाहेरून येऊन वसलेल्यांच्या मुलांना इथल्या वर्गात जागा नको. लेकीची जिवाभावाची मैत्रीण अशाच घरातली, राहायला वसतिगृहात आणि जेवायला यांच्याकडे.

"ती आपल्या ताटाला ताट लावून जेवते," लेक त्या दिवशी तडकून म्हणाली होती, "आणि तू तिच्या जिवावर उठलेल्याला हॉल देतेस?"

"मारायची भाषा केली असती तर दारातही उभं केलं नसतं. तो मत मांडतोय, घाणेरडं का असेना. आज त्याला नाही म्हटलं, तर उद्या तुम्हाला नाही म्हणायला कुणाला कारणही लागणार नाही."

"तिला भीती वाटते, आई."

"म्हणून तर पोलीस बोलावलेत."

"त्याच्यासाठी," लेक म्हणाली आणि उठून गेली.

तेव्हापासून तिने आईला ‘तुम्ही’ म्हणायला सुरुवात केली. "तुम्ही जेवून घ्या." "किल्ली तुमच्याकडे ठेवा." त्यापेक्षा शिव्या परवडल्या. सख्ख्या आईला कुणी अहो-जाहो करतं का? मैत्रीणही जेवायला येईनाशी झाली. मॅडम ओट्यापाशी उभ्यानेच चार घास खायच्या, टेबलाशी एकटीने बसवायचंच नाही.

व्याख्यान पार पडलं. दारावर पिशव्या तपासल्या गेल्या, विरोध करणाऱ्यांना मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभं केलं होतं. कुणाला खरचटलंही नाही. वक्ता अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये तावातावाने बोलला. मॅडम सगळा वेळ हॉलच्या दाराबाहेर उभ्या होत्या. तिथून आतलं धड कळत नव्हतं आणि मैदानातलंही. पलीकडे लेक मूठ उगारून ओरडताना दिसत होती, पण शब्द काही पोचत नव्हता. घसा बसेल गं, एवढंच त्यांच्या मनात आलं. कार्यक्रम संपल्यावर आयोजक त्यांच्याकडे न बघता गेले आणि विद्यार्थीही न बघताच गेले. मॅडमना फार एकटं वाटलं. आपलं बरोबर होतं, हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याने जेवणाच्या टेबलाशी सोबत होत नाही.

काही दिवसांनी लेकीने घरी त्यांच्यासमोर एक कागद सरकवला. तिच्या गटाला त्याच हॉलमध्ये सभा घ्यायची होती.

कागद घ्यायला मॅडमचा हात पुढे झाला. किती दिवसांनी ती आपणहून समोर आली होती! पण त्या वक्त्याच्या माणसांना त्यांनी अर्जासाठी ऑफिसच्या खिडकीवर रांगेत उभं केलं होतं.

"अर्ज घरी घेत नाही गं," त्या म्हणाल्या. "खिडकीवर दे."

लेकीने कागद उचलला आणि खोलीचं दार लावून घेतलं. आता संपलंच, असं मॅडमना वाटलं. रात्रभर त्या स्वतःला बोल लावत राहिल्या.

सकाळी लेक मॅडमच्या खिडकीसमोर रांगेत होती. पुढे दोघं-तिघं होते, त्यांचं होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

"मॅडम, अर्ज."

मॅडमनी अर्ज वाचला, तारीख पाहिली, शिक्का मारला. शिक्का तिरपा उमटला.

"पोलीस लागतील," त्या कागदाकडे बघत म्हणाल्या. "आरडाओरडा करायला त्या वक्त्याचे लोकही येतील. त्यांनाही मैदानातच उभं करणार."

"करा." लेक क्षणभर घुटमळली. "माझी मैत्रीण म्हणाली, व्याख्यानाच्या दिवशी वसतिगृहाच्या दाराशी एक पोलीसबाई बसून होती. दिवसभर."

"असेल."

"त्या बाईला कुणी बसवलं, विचारलं तर मैत्रिणीला सांगता येईना."

मॅडम शिक्क्याचा डबा सरळ करू लागल्या. मागचा मुलगा खाकरला.

लेकीने आपली प्रत घडी घालून पिशवीत टाकली. "नोटीस तुम्हीच लिहिणार ना, मॅडम?"

"हो."

"मग लावायच्या आधी मला दाखव. नाहीतर आमचाही बंदोबस्त करशील."

आणि ती गेली. दाखव. दाखवा नाही, दाखव. एक काना कमी होता, आणि असल्या चुका करणारी पोर नव्हती ती.

"मॅडम, माझा अर्ज," मागचा मुलगा म्हणाला.

"थांब रे जरा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.