पाण्यात सोमल

आमच्या भवानी पेठेत सोमलिंगाचं लहानसं देऊळ आहे. देवाला सगळे लाडानं 'सोमला' म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळात नळ आटले, पण देवळामागची विहीर आटली नाही, म्हणून पेठेनं तिच्या पाण्याला तीर्थ मानलं. पुढं नळांना पाणी आलं तरी माझी बायको गौरम्मा दुसरं पाणी तोंडाला लावेना. रोज सकाळी अंघोळ करून तिची घागर मीच आणायचो.

चौथ्या वर्षी तिच्या छातीवर, पाठीवर काळपट डाग उठले आणि त्यांत पांढरे ठिपके, विभूती शिंपडावी तसे. तळहात ज्वारीच्या कण्या चिकटल्यासारखे खरखरीत झाले. गुरुसिद्धप्पा बुवांचं सोमवारचं शिवकीर्तन मी कधी चुकवलं नाही. त्यांच्यामागं टाळ धरून ध्रुपद झेलण्यात माझा जीव. बुवांनी निरूपणात सांगितलं, की एखाद्याच्या अंगावर भस्म आतून उमटतं. तेव्हापासून बायका गौरम्माचे हात आपल्या कपाळाला लावू लागल्या. ती लाजायची. मला मात्र अभिमान वाटायचा.

पण तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाणी कुठलं पिता तेही विचारलं आणि बाटलीभर पाणी तपासायला पुण्याला धाडलं. दीड महिन्यानं त्यांचा नवा कंपाउंडर भर कीर्तनात निरोप घेऊन आला. टाळांच्या गजरात माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "पाण्यात सोमल हाय म्हणून सांगितलंय. उद्या येऊन भेटा."

"व्हय की," मी हसलो, "चार वर्षं आमी दुसरं काय सांगतोय?"

तो गेला. मी बुवांना सांगितलं, बुवांनी सभेला सांगितलं, की सरकारच्या यंत्रालासुद्धा पाण्यात सोमला सापडला. दुसऱ्या दिवशी विहिरीवरची रांग रस्त्यापर्यंत गेली. देवानंच साक्ष दिल्यावर दवाखान्यात जायचं कशाला? त्या दिवसापासून गौरम्माला मी रोज एक तांब्या जास्तीचा पाजू लागलो.

आठव्या दिवशी, सोमवारी कीर्तनाआधी, डॉक्टर स्वतः सायकलवरून आले. रांग बघून त्यांचा चेहराच उतरला. बुवांना आणि मला बाजूला घेऊन ते मला म्हणाले, "सोमल म्हणजे देव नव्हे, अप्पा. सोमल हे विष आहे. उंदरांना घालतात ते."

विहिरीमागं पूर्वी कातड्यांची वखार होती, कीड लागू नये म्हणून कातड्यांना सोमल चोळत, तोच जमिनीतून उतरला असावा, असं काहीसं ते सांगत होते. माझ्या डोळ्यांपुढं फक्त तो जास्तीचा तांब्या होता. मी पायरीवर बसलो.

गौरम्मा मागंच उभी होती. हे जाईल का, तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, पाणी आजपासून बदला; मुंग्या कमी होतील कदाचित, हात पहिल्यासारखे होतील असं सांगवत नाही, आणि कुठं न भरणारी जखम दिसली तर लगेच या.

ती माझ्याकडं वळली. "तुमी आणून देत होता, म्हणून मी कदी चव बघितली न्हाय," म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तेच मला भाजलं.

पोहरा तर आत चाललाच होता. मी सांगायला उठलो; वीस टाळांवरून जाणारा माझा आवाज, पण फुटेना. बुवांनी दोनदा सांगून बघितलं. रांगेतली मल्लव्वा म्हणाली, मागच्या सोमवारी देव होता, ह्या सोमवारी विष झालं व्हय? लोक हसले.

गौरम्मा विहिरीच्या कठड्याशी गेली. मल्लव्वा सवयीनं वाकली, तिचे हात कपाळाला लावायला. गौरम्मानं ते मागं घेतले आणि तिच्या डोळ्यांसमोर उघडे धरले.

"पाया पडू नगं, मल्लव्वा. हात लावून बग. आता तुजा दाखीव."

मल्लव्वानं घागर खाली ठेवली. आपल्या तळव्यावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. मग तिनं घागर दगडावर पालथी केली.

रांगेतल्या बायका एकेक करून आपापले तळवे चाचपू लागल्या. बुवांनी खांद्यावरची वीणा उतरवली, रहाटावरचा दोर सोडवला आणि गुंडाळून काखेत धरला. त्या सोमवारचं कीर्तन तेवढंच झालं.