मेंढरांनी पास केलेलं मैदान

राजाबाईला तिचा लेक आदिनाथ दिसत होता, पण कमरेपासून वरचाच. खालचा पोरगा जमिनीनं गिळला होता.

(इथून सांगायला घेतलं तर पोरांच्या फुटबॉल क्लबाची गोष्ट इथंच संपेल. थोडं मागं जाऊ.)

पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. शहर मात्र पैठण रोडनं वाढत चितेगावच्या शिवारापर्यंत आलं होतं. गावाजवळच्या माळावर एका प्लॉटिंगवाल्यानं फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारल्या. पोरांना वाटलं, आपल्यासाठीच मैदान आखलंय. मनसोक्त खेळली. दुसऱ्या दिवशी वॉचमननं शिव्या देत हाकलली.

मग पोरं कोरड्या पाझर तलावात उतरली.

बॉल आणला बौद्धवाड्यातल्या राजेंद्रनं. तो कंपनीत कामाला होता, म्हणून कॅप्टनही तोच. क्लबाला कोणत्या महापुरुषाचं नाव द्यायचं यावर बौद्धवाडा आणि धनगरवाडा यांच्यात भांडण पेटलं. शेवटी राजेंद्र वैतागून म्हणाला, "तलाव फुटबॉल क्लब. तळ्याचा फोटो कुणी लावत नाय."

आणि मैदान तपासलं राजाबाईनं. धनगरांची रीतच ती: अनोळखी तळ्यात आधी कळप घालायचा, खूर रुतले नाहीत तर मागून माणसांनी जायचं. तिनं मेंढरं या काठावरून त्या काठाला नेली. भेगाळलेल्या मातीवर नुसते ठसे उमटले.

"पास," ती म्हणाली.

"मावशी, रेफ्री तुमचं बकरंच ठेवतो," राजेंद्र म्हणाला.

"ठेव. तुझ्यापरीस शहाणं हाय."

उन्हाळाभर क्लब चालला. मग कंपनीतल्या पोरांशी मॅच लागली. आदिनाथ गोलकीपर, तलावाच्या भिंतीकडच्या गोलात. बॉल उंच आला, त्यानं उडी मारली, बॉल छातीशी धरला, दोन्ही टाचांवर आदळला

आणि गुडघ्यापर्यंत खाली गेला.

पोरं हसली. तोही हसला. एक पाय उपसायला गेला तसा दुसरा आणखी खाली गेला. बघता बघता तो कमरेपर्यंत गेला.

काठावर मेंढरं राखत बसलेली राजाबाई धावली. चार पावलांतच तिला पायाखाली जमीन हलल्यासारखी वाटली. दुधावरच्या सायीसारखी, वर घट्ट, खाली काहीच नाही. ती जागच्या जागी थिजली. भिंतीजवळ गाळ सगळ्यात खोल, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मेंढरं गेली होती ना! आता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: मेंढरू चालतं, चार पायांवर भार वाटून, हलकं हलकं. मेंढरू उडी मारून बॉल धरत नाही.

"माय," आदिनाथ म्हणाला. आवाज लहान लेकरासारखा. "खाली गार हाय गं."

बाहेर जमीन तव्यासारखी तापलेली, आणि पोरगा गार म्हणतोय. पुढं जावं तर तिच्या वजनानं हे सगळंच खचेल. मागं यावं तर...

"हलू नको! मागं रेल, आडवा पड!"

तिनं खांद्यावरची घोंगडी पसरली आणि तिच्यावर पालथी पडली. राजेंद्रनं तिचे घोटे धरले. गोलाला बांधलेली जाळी म्हणजे तिचीच वाघूर, रात्री मेंढरं कोंडायची. पोरांनी ती सोडून आणली, तिनं फेकली. पहिल्यांदा पोचली नाही. दुसऱ्यांदा त्याच्या बोटांत अडकली.

"दमानं ओढा रे, दमानं!"

कितीतरी वेळ चिखल सोडेना. तिच्या कानात फक्त त्याच्या श्वासाची घरघर. मग फसकन आवाज झाला आणि पोरगा, बूट चिखलातच ठेवून, उघड्या पायांनी तिच्या अंगावर आला. तिनं पदरानं त्याचे पाय पुसले.

पुढच्या आठवड्यात शहरातली टीम यायची होती. गावचे पुढारी आप्पासाहेब जिंकणाऱ्याला ढाल देणार होते. पण एकही पोरगा तळ्यात उतरेना. राजेंद्र तिच्या दारात आला.

"मावशी, मैदान काठाकडं सरकवलंय. एकदा मेंढरं घाला. तुम्ही पास म्हणलात तरच पोरं येतील. नायतर क्लब मेला म्हणा."

"हाक ना मेंढरं, माय," आदिनाथही म्हणाला. पण तिच्याकडं न बघता.

ती कळप घेऊन गेली. पोरं काठावर उभी. मेंढरं उतरली, सगळ्या मैदानावर फिरली, पलीकडं चढली. सगळे तिच्या तोंडाकडं बघू लागले.

"नापास."

"आवं मावशी, एक बी खूर रुतला नाय!"

"व्हय. मागल्या खेपंला बी रुतला नव्हता."

पोरं एकेक करून पांगली. आदिनाथ बॉल काखेत मारून घराकडं निघाला. ती मागून चालली, त्याच्या पायांवर नजर ठेवून. त्याचं पाऊल टेकून पुन्हा उचललं जाईपर्यंत, दर वेळी, तिचा श्वास अडकत होता.