जयाच्या जागचा धोंडा

“तुमच्या कॉलेजात मुली किती?”

जयानं हे विचारलं ते कॉलेजच्या रस्त्याकडच्या खिडकीत तोंड घालून आणि एका दमात. आतल्या कारकुनानं दौतीत बुडवलेला टाक तसाच धरून ठेवला. इकडे माझ्या मागच्या सीटवर वसुधा आणि नीला पदराचा बोळा तोंडात कोंबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच होती. विचारून दाखवलंस तर द्रोणभर करवंदं तुझी.

कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला. “सात आहेत. का?”

“बसतात कुठं?”

“पहिल्या बाकावर. सर वर्गात आले की त्यांच्या मागनं आत यायचं आणि तास सुटला की त्यांच्या मागनंच बाहेर पडायचं.”

“आणि आम्ही तिघी आलो तर?”

“तर दुसरा बाक टाकावा लागेल,” असं म्हणून त्यानं तीन छापील अर्ज बाहेर सरकवले. “शनिवारी बारापर्यंत आणून द्या. बारा म्हणजे बारा. वडिलांची सही घ्या, मुली नेमकी तीच विसरतात.”

अर्ज छातीशी धरून जया माझ्या पायरीवर अशी चढली की मी दोन्ही चाकांवर डुलून घेतलं.

“करवंदं द्या,” ती म्हणाली. “आणि दोन प्रश्न पैजेबाहेरचे विचारले, त्यांचं काय ते वेगळं बघा.”

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, मी एक जुना टांगा आहे. बेळगावच्या कडेला हिंडलगा गाव आहे, तिथं नागोजी टांगेवाल्याच्या गोठ्यामागं सध्या माझा मुक्काम असतो. माझ्या टपाचं कापड फाटलंय, डाव्या चाकाचे दोन आरे निसटलेत आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. नागोजीची बायको सकाळी अंडी उचलताना माझ्या लाकडावर थाप मारते. तेवढीच शाबासकी.

पण तुम्ही मला नवा बघायला हवं होतं. शहापुरातल्या रवळू सुतारानं मला घडवलं. चाकाला जुनी बाभूळ, दांड्यांना सागवान. लोखंडाची लाल तापलेली धाव चाकावर चढवून वर पाणी ओतलं तेव्हा मी असा ओरडलो की रवळूचं मांजर दोन दिवस घरी फिरकलं नाही. नागोजीनं मला हिरवा रंग दिला, पितळेचे दोन दिवे लावले आणि शामू नावाचा पांढरा घोडा जुंपला. माझ्यातून वकील कोर्टात जायचे, नवऱ्या मुली सासरी जायच्या, खडेबाजारातून गुळाच्या ढेपा यायच्या. “नागोजी, टांगा लई बेस हाय तुजा,” असं कुणी म्हटलं की नागोजी उगीचच चाकाची धूळ पुसायचा.

मग मोटारी आल्या. धुरळा उडवत त्या माझ्या पुढनं जायच्या आणि वकीलसाहेब आतून माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. दोन वर्षं मी अड्ड्यावर नुसता उभा होतो. शेवटी नागोजीनं हिंडलग्याच्या सहा मुलींना बेळगावच्या शाळेत पोचवायचं काम धरलं आणि मला दोन्ही बाजूंनी पडदे लागले. पुढं लढाई आली, पेट्रोलचं रेशन झालं, मोटारी पाठीवर कोळशाची भट्टी घेऊन खोकत चालायला लागल्या, आणि आम्ही त्यांना चढावर मागं टाकायला लागलो. शामूनं हा आनंद पुरेपूर घेतला.

गोष्टीच्या शेवटी आमच्यासारखे काहीतरी मागणं मागतात. मी माझं आत्ताच मागून घेतो, कारण शेवट जयाचा आहे आणि तिथं मी मध्ये येणार नाही. तुमच्या दारात टांगा असो, सायकल असो, की चाक मोडलेली ढकलगाडी, काम सरलं म्हणून तिला उन्हापावसात टाकू नका. महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवा. आम्हाला जास्त काही लागत नाही.

आता धोंड्यांचं सांगतो.

टांगा म्हणजे दोन चाकांवरचा तोल. मागं माणसं कमी झाली की सगळा भार दांड्यांवरून घोड्याच्या पाठीवर येतो, आणि मागं जास्त झाली की दांड्या वर उठतात, घोडा उचलल्यासारखा होतो. सहा मुलींचा तोल नागोजीनं नेमका बसवला होता. मग मनूचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी शामू मान खाली घालून चालायला लागला. नागोजीनं ओढ्यातून मनूच्या वजनाचा एक काळा धोंडा आणला आणि मागच्या सीटखाली ठेवला. पुढच्या वर्षी अंबू सासरी गेली, तिचा धोंडा आला. मग हौसाचा. नागोजी त्यांना नावानंच हाक मारायचा. “मनूला जरा आत सरकीव गं,” असं म्हणाला की मुली हसायच्या, आणि मग कुणीतरी हसायचं थांबायचं.

मॅट्रिकच्या वर्षाला तीन धोंडे होते आणि तीन मुली. वसुधा आणि नीला गावातल्या जेलच्या कचेरीतल्या कारकुनांच्या मुली. जया हिंडलग्याच्या मारुतीरावांची, घरी भाताची आणि भाजीपाल्याची शेती. जूनमध्ये निकाल लागला, तिघी पास झाल्या. तिघींच्या वडिलांनी नागोजीला सांगून ठेवलं होतं की पोरी कॉलेजात गेल्या तर टांगा तुझाच. नागोजी त्या आठवड्यात शामूला गूळ चारत होता.

मंगळवारी अर्ज आणले. बुधवारी संध्याकाळी मारुतीराव बांधावरून रस्त्यावर आले. त्यांनी नागोजीला थांबवलं, पण बोलले शामूच्या कानाकडं बघत.

“नागोजी, आमची पोर कॉलेजला धरू नकोस. गुंजीला माजी भन दिलीया, तिच्या दिराचा पोरगा रेल्वेत हाय. आइतवारी पावणं येत्यात.”

“बरं, आप्पा.” नागोजीनं लगाम हलवला. तो कामाचा माणूस. जाता जाता ओढ्यात उतरला, अंदाजानं एक धोंडा उचलला आणि विसरू नये म्हणून त्याच वेळी सीटखाली ठेवून दिला.

गुरुवारी तिघींना शाळेतून मोठ्या बाईंचा दाखला आणायचा होता. तिघी मागं बसल्या, वर ते चार धोंडे. गणेशपूरच्या चढाला माझ्या दांड्या वर उठल्या, शामूचे पुढचे पाय चाचपडले आणि तिघी एकमेकींवर घसरल्या. नीलाच्या हातची करवंदं रस्त्यावर सांडली.

“काय भरलंयत मागं, मामा?” जया हसत हसत खाली उतरली आणि सीटखाली वाकली. “ही मनू. ही अंबू. ही हौसा.” मग जरा थांबून, “हा चौथा कुणाचा?”

नागोजी शामूचा लगाम नीट करत राहिला.

“माझा नाही,” वसुधा म्हणाली. “बाबांनी काल सही केली.”

“माझ्या बाबांनीपण,” नीला म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला वाटलं म्हणायला नको होतं.

जयानं धोंड्यावर हात ठेवला. त्याला अजून ओली माती होती. “मामा?”

“माजं चुकलं, बाई,” नागोजी म्हणाला. “मला वाटलं घरात बोलणं झालं आसंल.” आणि गुंजीच्या पाहुण्यांचं सगळं सांगून टाकलं.

मित्रांनो, एवढी वर्षं मी मुलींना हसताना ऐकलं, पाढे घोकताना ऐकलं, भांडताना ऐकलं. आता वसुधानं वाकून जयाच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा नुसत्या बांगड्या वाजल्या.

“रडायचं तर रड,” वसुधा हळूच म्हणाली. “इथं कुणी नाही.”

“रडते नंतर. आधी ह्याला बाहेर काढा, शामूला चढवत नाही,” जया म्हणाली. नागोजीनं धोंडा काढून रस्त्याच्या कडेला ठेवला. ती परत चढली, आणि बरंच पुढं गेल्यावर तिनं विचारलं, “मामा, आप्पांनी मला का नाही सांगितलं?”

“छाती झाली न्हाय त्यांची. मला सांगताना बी घोड्याकडं बघत बोलत हुते.”

“माझ्याशी बोलायची छाती झाली नाही? आप्पांची?”

“व्हय. का?”

 जयाची पाठ ताठ झाली. माझ्या सीटच्या पाठीला असलं सगळं कळतं.

दाखला मिळाला. शुक्रवारी वसुधा आणि नीला अर्ज देऊन आल्या. मारुतीरावांच्या घरात त्या दोन दिवसांत काय झालं ते मला ठाऊक नाही, टांग्याला उंबरा ओलांडता येत नाही. शनिवारी सकाळी मात्र नागोजीला निरोप आला. आइतवारसाठी लुगडं घ्यायचंय, खडेबाजारात जायचंय.

मारुतीराव पुढं नागोजीशेजारी बसले. मागं जया आणि तिची आई, अक्काताई. पुढच्यांचं तोंड पूर्वेला, मागच्यांचं पश्चिमेला, मध्ये एक फळी. जयानं मांडीवर दप्तर घेतलं होतं, तसं लुगडं आणायला दप्तर कशाला लागतं.

“हिरवं बघूया,” मारुतीराव पुढनं म्हणाले. “गुंजीच्या लोकास्नी हिरवं आवडतंय म्हणं.”

“नेसणारी हितं मागं बसलीया,” अक्काताई म्हणाल्या. “तिला इचारा की.”

“आप्पा,” जया म्हणाली, “माझ्या जागी नागोजीमामांनी धोंडा आणलाय.”

 नागोजीनं डोळे शामूच्या शेपटीवर लावले.

“म्हंजे?” अक्काताई मागं वळल्या. “तुमी तिला काय सांगितलंच न्हाईसा?”

“मला वाटलं तू सांगितलं आसशील.”

“मला वाटलं तुमी. मी दोन दिस म्हणतीया, पोर इतकी गप कशी, राजी हाय जणू.”

“राजी न्हाय, आये,” जया म्हणाली. “कुणीतरी विचारंल म्हणून वाट बघत हुते.”

मारुतीरावांनी घसा साफ केला. “पोरी, मॅट्रिक झालीस. लई झालं. आपल्या हिंडलग्यात शेतकऱ्याच्या घरात एवढी शिकलेली दुसरी दाखीव.”

“दुसरी न्हायच. म्हणून तर शिकू दे म्हणते.”

“तिथं पोरं असत्यात.”

“इथल्या रस्त्यावर पण असतात, आप्पा. चार वर्षं ह्याच रस्त्यानं गेले की.”

“आनि चार वर्सांनी कोण इचारणार तुला? बाप म्हणून मला झोप लागत न्हाय त्यानं.”

हे खरं होतं. आवाजावरून कळत होतं. रागावलेल्या माणसाची मांड आवळलेली असते, मारुतीराव तर भ्यायल्यागत माझा कठडा धरून बसले होते.

थोड्या वेळानं अक्काताई म्हणाल्या, “माजं लगीन ठरलं ते मला हळद लावाय बायका आल्या तवा कळलं. टांगेवाल्यानं बी सांगितलं न्हवतं.” ते कुणाला उद्देशून होतं कोण जाणे. पण मारुतीराव पहिल्यांदा मागं वळून बघायला लागले.

लष्कराचा कॅम्प ओलांडला. पुढं रस्त्याला फाटा होता. सरळ गेलं की खडेबाजार, उजवीकडं वळलं की कॉलेज. शप्पथ सांगतो, लगाम कुणी ओढला नाही. नागोजी म्हणतो शामूनं पाऊल आवरलं, शामूचं काय म्हणणं असेल ते असो. आम्ही फाट्यावर थांबलो. कुठल्यातरी घड्याळात साडेअकराचा ठोका पडला.

जया माझ्या पायरीवरून उतरली. वळसा घालून पुढं आली, शामूच्या मानेवर एक हात ठेवला आणि आप्पांच्या समोर उभी राहिली. अक्काताईही उतरल्या आणि मागनं येऊन चाकाजवळ थांबल्या. जयानं दप्तरातनं अर्ज काढून वडिलांच्या हातात दिला, आणि मोठ्या बाईंनी दाखल्याबरोबर बक्षीस दिलेलं शाईचं पेनही.

“आप्पा, आये, दोघं पण ऐका. मी कॉलेजात जाणार हाय. उद्या पावणं येऊ देत, च्या मीच देते, आणि त्यांस्नी मीच सांगते की आत्ता लग्न न्हाय, मला शिकायचंय. आत्याला मी पत्र लिहिते, तुम्हाला खाली मान घालायला लागणार न्हाय. रोज ह्याच टांग्यातनं जाईन, ह्याच टांग्यातनं येईन. नापास झाले तर त्या दिवशी हिरवं लुगडं घ्या, मी गप नेसते. पण आज ते घ्यायला मी येत न्हाय. आज बारापर्यंत अर्ज द्यायचाय.”

“आनि मी न्हाय म्हटलं तर?” मारुतीरावांनी विचारलं. विचारताना त्यांनी अर्ज गुडघ्यावर ठेवून त्याची घडी तळव्यानं सरळ केली होती आणि पेनाचं टोपण काढलं होतं.

“तर पुढच्या जूनला पुन्हा विचारीन. त्याच्या पुढच्या जूनला पण. माझं ठरलंय, आप्पा. तुमचं किती जूनात ठरतंय, तेवढं सांगा.”