बारीक जटा ओवणारी सुई

मित्रांनो, तुमच्या आईच्या किंवा मावशीच्या शिवणाच्या डब्यात माझ्यासारखी एखादी तुम्ही पाहिली असेल. वीतभरही लांब नाही, अंगानं सडपातळ, मागे लाकडी मूठ आणि पुढे टोकाला इवलासा आकडा. मला क्रोशाची सुई म्हणतात. माझ्या बहिणींनी टेबलावरचे रुमाल विणले, तान्ह्या बाळांच्या टोप्या विणल्या. माझ्या नशिबी मात्र माणसांची डोकी आली. आता मी म्हातारी झाले आहे. मुठीवरचं पॉलिश उडालं आहे. दिवसभर खणात पडून असते, त्यामुळे आठवायला वेळच वेळ आहे. म्हणून तुम्हाला माझी हकीकत सांगते.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथला कारागीर पोलादी तारेचा तुकडा कापायचा, टोकाला खाच पाडायचा आणि ती खाच घासून घासून गुळगुळीत करायचा. माझी खाच त्याच्या मनासारखी काही केल्या होईना. चिडून त्यानं मला दोनदा बाजूला टाकलं आणि दोनदा पुन्हा उचललं. शेवटी लाकडी मूठ बसवून तो म्हणाला, "जा बाई, कुणाचं तरी भलं कर." माझं लग्न लावून पाठवणी केल्यासारखंच बोलला तो.

मला विकत घेतलं ते ताईनं. तिचं नाव कुणी घेत नसे, लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, एक जिना चढून गेलं की तिची खोली होती. खिडकीजवळ उंच पाठीची खुर्ची, समोर आरसा, भिंतीला टेकून एक बाक आणि कोपऱ्यात खणांचं कपाट. ताई लोकांच्या केसांच्या जटा करून द्यायची.

जटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दोरखंडासारखे जाडजूड, गुंतलेले केस येत असतील. ताईच्या जटा तशा नसत. बुटाच्या नाडीएवढ्या बारीक, एकसारख्या, पाठीवर सोडल्या की झुळकीनंही हलतील अशा. डोक्यावर लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातले केस वेगळे घ्यायचे आणि त्यांचं टोक त्यांच्याच मुळातून माझ्या आकड्यानं ओढून घ्यायचं. एकदा वरून, एकदा उजवीकडून, एकदा खालून, एकदा डावीकडून. दिशा चुकली की मुळाशी भोक पडतं आणि जट तिथंच फाटते. एका डोक्याला दोन दोन, तीन तीन दिवस लागत. खाली सायकलींच्या घंट्या वाजत आणि वर आमचं काम चाले.

ताईचा हात हलका होता, जीभ मात्र तिखट. कुणी एखादा फोटो दाखवून "मला अश्शाच हव्यात" म्हणालं की ती फोटोकडे बघायचीच नाही. आधी मुळाशी बोट घालून केस चाचपायची. "जाडी केस ठरवतात, आरसा नाही," म्हणायची. मग पथ्यं सांगायची. डोकं आठवड्याला धुवायचं, पण जटा आधी मोकळ्या वेण्यांत बांधून. नाहीतर नव्या जटा पाण्यात सुटतात. फेस टाळूला लावायचा आणि पाणी भरपूर सोडायचं. तेल थेंबभर, जास्त चोपडलं की आत मळ धरतो. झोपताना डोक्याला रेशमी रुमाल बांधायचा. आणि दर सहा आठवड्यांनी येऊन वाढलेली मुळं आवळून घ्यायची. त्याच्या आधी नाही.

ती माझ्या सुखाची वर्षं होती. गिऱ्हाइकं खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायची. कुणीतरी जागं होऊन विचारायचं, "झालं? सुई लागलेली कळलीसुद्धा नाही." ताई माझी मूठ पदराला पुसायची. त्या वेळी मी आतून फुलून यायचे.

एके दिवशी एक बाई जिना चढून आली. चाळिशीला टेकलेली, हातात कागदाची लांब गुंडाळी. ती एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायची. तिनं गुंडाळी उलगडली तर आत तिच्याच डोक्याचा नकाशा! पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. सगळीकडे सुबक चौकोन आणि प्रत्येक चौकोनाला नंबर.

"चारशे बारा होतात," ती गंभीरपणे म्हणाली. "मला सगळ्यात बारीक हव्यात."

ताईनं नकाशा बघितला, मग बाईकडे बघितलं. "अहो बाई, हे डोकं आहे. प्लॉट पाडून विकायची जमीन नाही."

नकाशेवाली हसली. हसायची सवय मोडल्यासारखं, अडखळत हसली. ताईनं तिच्या केसांत बोटं घातली आणि तिनं डोळे मिटले. तिचे खांदे हळूहळू खाली आले. कानशिलांजवळचे केस विरळ होते. ताई म्हणाली, "चारशे झेपणार नाहीत. वजनानं तुटतील. अडीचशे करू, आणि कडेच्या थोड्या जाड ठेवू."

"चारशेला जास्त दिवस लागले असते ना?" नकाशेवालीनं विचारलं.

"लागले असते. तुमचेच वाचले की!"

नकाशेवालीनं आपला नकाशा पुन्हा गुंडाळला. तिचा प्रश्न मला तेव्हा कळला नव्हता, आणि ताईलाही कळला नव्हता.

तीन दिवस ती खुर्चीत बसली. दुसऱ्या दिवशी आपण होऊन बोलू लागली. घरी ती आणि आई, दोघीच. रोज संध्याकाळी आई पलंगावर बसायची, ही खाली जमिनीवर पाठ टेकून बसायची आणि आई तिचे केस विंचरायची. एवढी मोठी झाली तरी. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. "तेव्हापासून डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता," ती म्हणाली आणि लगेच, "खिडकी जरा लावता का?" असं विचारून तिनं विषय बदलला.

जटा झाल्या तेव्हा ती खरोखर छान दिसत होती. मान हलवून हलवून आरशात बघत होती. ताईनं सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली.

ती तिसऱ्याच आठवड्यात आली. "सैल झाल्यात."

ताईनं बघितलं. "कुठं सैल? नख मावत नाही मुळाशी. जा घरी."

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. या वेळी खुर्चीत दुसरं गिऱ्हाईक होतं आणि बाकावर दोघी ताटकळत होत्या. ताई सकाळपासून उभी होती, पाय दुखत होते. तिचा पारा चढला.

"हे बघा बाई, सारखी सारखी मुळं आवळली की केस मुळासकट हातात येतात. सहा आठवडे झाल्याशिवाय हा जिना चढायचा नाही. माझ्याकडे काय कमी कामं आहेत?"

बाकावरची एक जण फिसकन हसली. नकाशेवालीचे कान लाल झाले. ती खाली बघत म्हणाली, "मग एखादी जुनी सुई तरी द्या. सुटलीच एखादी, तर घरी करीन."

ताईला तिला वाटेला लावायची घाई होती. माझ्याहून नवी, चकचकीत सुई आता तिच्याकडे होती. तिनं मला उचलून नकाशेवालीच्या हातात दिलं. "सुटली तरच. आणि कानशिलांजवळ अजिबात नाही."

असं माझं घर सुटलं, मित्रांनो. ताईनं मागे वळूनही बघितलं नाही.

नकाशेवालीच्या दोन खोल्या चौथ्या मजल्यावर होत्या. एक नकाशाचं तिरकं टेबल, एक आईचा पलंग, त्यावर घडी न मोडलेली चादर. ती स्वतः भिंतीकडेला गादी घालून झोपायची. तिच्या घरात फ्रीजच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. कचेरीतून आल्यावर ती किल्ली ठेवायची आणि मोठ्यानं "आले" म्हणायची. मग आपणच ऐकून ओशाळायची.

पहिल्या रविवारी तिनं एकच जट आवळली. ती सैल नव्हती. दुसऱ्या दिवशी दहा. मग रोज संध्याकाळ झाली की ती पलंगाला पाठ टेकून जमिनीवर बसायची, मला हातात घ्यायची आणि दोन्ही हात डोक्यामागे नेऊन चाचपडत एकेक मूळ ओवायची. खांदे भरून आले की थांबायची, डोळे मिटून बसायची आणि पुन्हा सुरू करायची. त्या डोळे मिटलेल्या चेहऱ्यावर काय असायचं ते मला दिसायचं, म्हणून मला तिचा राग कधी आला नाही.

पण मला सगळं कळत होतं. मुळं ताठ झाली होती, दोरीवर कपडे वाळत घालताना ती ताणावी तशी. पाठीमागच्या जटांत ती दिशा विसरायची, तिथं भोकं पडू लागली होती. एकेक केस कट्कन तुटायचा तो माझ्या आकड्यातच. मी ओरडून सांगितलं असतं, पण सुईला कुठली वाचा? धरणारा हात नेईल तिकडे जायचं, एवढंच मला येतं. माझ्या आयुष्यात माझ्या हातून झालेलं वाईट काम ते एवढंच, आणि ते मी रोज केलं.

मग एका संध्याकाळी डाव्या कानशिलाजवळची एक जट अख्खीच्या अख्खी माझ्याबरोबर निघून आली. नकाशेवाली रडली नाही. उठून टेबलाशी गेली, पट्टी घेतली आणि ती जट मोजली. चौदा सेंटिमीटर. मग त्याच आठवड्यात दुसरी आली, तिसरी आली. तिथं रुपयाएवढा डाग उघडा पडला. तिनं मला टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलं आणि डोक्याला रुमाल बांधला. कचेरीतही तोच रुमाल. ताईची तारीख आली आणि गेली. फोन वाजायचा, ती त्याच्याकडे बघत बसायची. कुठल्या तोंडानं उचलणार?

नवव्या आठवड्यात दारावर थाप पडली.

"बाई, आहात का घरात?"

तो आवाज मी ओळखला. नकाशेवालीनंही ओळखला. ती दाराच्या आत, कडीला हात लावून उभी राहिली.

"माझ्या वहीतला पत्ता काढून आलेय," ताई बाहेरून म्हणाली. "चार मजले चढून आलेय, माझे गुडघे काय म्हणतायत ते तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून बरं. दार नाही उघडलंत तर मी इथंच पायरीवर बसते. मला काय, पायरीवरही बसता येतं."

मग कडी निघाली.

ताईनं रुमालाकडे बघितलं. खोलीत नजर फिरवली. जमिनीवरची उशी बघितली, पलंगाला टेकून घासलेली जागा बघितली, टेबलावर मला बघितलं. तिचा चेहरा उतरला. मग ती सरळ जाऊन पलंगावर बसली. त्या चादरीची घडी पहिल्यांदा मोडली. नकाशेवालीनं "अहो" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"बस इथं खाली," ताई म्हणाली. अहोजाहो कधी गळून पडलं, ते तिलाही कळलं नसावं.

नकाशेवाली बसली. ताईनं रुमाल सोडला. ओरखडलेली टाळू, ताणून पातळ झालेली मुळं आणि तो उघडा डाग, सगळं बघितलं. मला तिनं हातही लावला नाही. नुसत्या बोटांनी एकेक मूळ सैल करू लागली. ज्या जटा तुटायला आल्या होत्या, त्या दोन दोन एकत्र वळून एक करू लागली. "या आता जाड होतील. बारीकपणाचा हट्ट सोडायचा. डाव्या बाजूला हात लावायचा नाही, तिथं काय उगवायचं ते उगवेल."

"परत येतील?"

"थोडे येतील. सगळे नाही येणार. तुला खोटं कशाला सांगू?"

नकाशेवालीचे खांदे हलू लागले. ताईची बोटं थांबली नाहीत. एक मूळ सोडवता सोडवता ताई म्हणाली, "मी सहा आठवडे म्हटलं ते केसांचं गणित होतं गं. तू कशाला येतेस ते मला कळायला हवं होतं. माझं चुकलं. दर गुरुवारी दुपारी दुकानात गर्दी नसते. तेव्हा येत जा."

"केस आवळायचे नसताना?"

"हवं तर डोकं घरी ठेवून ये."

नकाशेवाली रडता रडता हसली.

जाताना ताईनं मला पिशवीत टाकलं. दुकानात आल्यावर खिडकीपाशी नेऊन निरखून बघितलं. माझी खाच झिजून धारदार झाली होती. "ही आता टाळूला लागेल," ती स्वतःशीच म्हणाली आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात मला ठेवून दिलं. टाकून मात्र दिलं नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. इथं माझ्या सोबतीला एक दात पडलेली फणी आणि थोडे जुने रबर आहेत. फणी फारशी बोलत नाही. खण वर्षातून एखाददुसऱ्या वेळी उघडतो, तोही दुसरंच काही शोधायला. गुरुवारी दुपारी मात्र जिन्यावर पावलं वाजतात, बाक कुरकुरतो आणि नकाशेवालीचा आवाज येतो. कचेरीतल्या साहेबाच्या नकला करते, ताईला गुडघ्याचं औषध आणून देते. तिच्या डाव्या कानशिलाजवळ अजून थोडं उघडंच आहे, असं बोलण्यावरून कळतं. सहा आठवडे झाले की नवी सुई बाहेर निघते आणि तिची मुळं आवळली जातात. मी अंधारात पडून ऐकत असते.

मित्रांनो, कधी तुम्ही जटा ठेवल्यात, तर आपल्या केसांना झेपतील एवढ्याच बारीक ठेवा. त्यांना धुवा, वाळू द्या, आणि मुळांना वाढायला वेळ द्या. हात शिवशिवला तरी दर दोन दिवसांनी ओढू नका. आणि दुसरं एक मागणं आहे. कुणी तुमच्या दाराशी काहीतरी खोटंच कारण काढून आलं, काम नसताना आलं, पुन्हा पुन्हा आलं, तर ते कारण तपासत बसू नका. थोडं सरकून घ्या, बसायला जागा करून द्या. मला हे तेव्हा कुणाला सांगता आलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगते आहे.