मुनीमच खुनी

वडगावात पिक्चरच्या मध्यंतरातच खुनी ओळखणारा माणूस एकच होता, आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

अंबाजीचे कान यंत्रमागांनी खाल्ले होते. त्या खडखडाटात तोंडानं बोलून उपयोग नसे. कारखान्यात सगळे हातानंच बोलत. दोन बोटं झटकून वेगळी केली की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की मालक आला. गुडघ्यावर दोनदा थाप मारली की बरोबर, चालू दे. त्याची बायको मालुबाई तिथंच मागांना लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. पुढं घरातली भांडणंही हातानंच होऊ लागली. शेजाऱ्यांची करमणूक बुडाली.

खुनाच्या पिक्चरबद्दल अंबाजीची मतं ठाम होती. प्रेताजवळ सगळ्यांत मोठ्यानं रडतो तो चांगला माणूस नसतो. खून झालेल्या घरात गाणं असू नये. आणि पिक्चरभर ज्याला कामच नाही, तोच खुनी, "फुकट पगार कोण देतंय रं?"

टॉकीजमध्ये मालुबाई पडद्यावरचं बोलणं हातानं सांगे. मध्यंतरात वडा खाताखाता अंबाजी निकाल देई, "मुनीम." शेवटी त्याच्या गुडघ्यावर तिची थाप पडे, दोनदा. कधी बेड्या भलत्यालाच पडत. तो चमकून बघे. ती हातवारे करी: हा नुसता हाताखालचा, खरा तुमचाच. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तो आपला खुनी हातानं सगळ्यांना सांगे, सगळे माना हलवत, आणि तो मान ताठ करून माग चालवी.

पोरानं टीव्ही घेतला त्याच वर्षी मालुबाई काविळीनं गेली. आता रविवारच्या गुप्तहेराच्या मालिकेला सतरंजीवर सून दुर्गा शेजारी बसू लागली. पोरगी सरळ. हातवारे यायचे नाहीत, म्हणून कानाशी ओरडायची.

"मामा, डाक्टरनं मारलं!"

सगळ्या गल्लीला खुनी कळला.

"मुनीम सामील असंल की."

"न्हाय वो! मुनीम नुसता मुनीम हाय!"

पुढच्या रविवारीही त्याचा माणूस सुटला. त्याच्या पुढच्याही. अंबाजी खवळला. "सासू गेल्यावर खोटं बोलाय लागलीस व्हय? तिच्या वक्ताला एकदा तरी चुकलो का मी?" दुर्गा पदर तोंडात कोंबून चुलीपुढं जाऊन बसली. दोन वेळा जेवली नाही.

पोरानं कारखान्यातल्या बापाच्या जुन्या जोडीदाराला, भावकूला, बोलावून आणलं. भावकू बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग अंबाजीच्या कानाशी वाकला.

"पोरीला बोल लावू नगं. तुझा एकबी खुनी बरोबर न्हवता रं."

"आणि मग तुम्ही सगळी माना हलवत होता ती?"

"मालुआक्कानं दम दिलता. म्हणली, त्येंचं कान गेल्यात, येवढं एकच उरलंय. कुणी चूक काढली तर त्येच्या कांड्या गुंतवून ठेवीन." भावकूनं चिमूट तोंडात टाकली. "तिच्या हातच्या कांडीवर आमचं पोट हुतं. कोण बोलतंय?"

इतकी वर्षं शेजारी बसून एका बाईनं सगळा कट रचला होता, कारखानाभर माणसं फितवली होती, आणि अंबाजीला संशयसुद्धा आला नव्हता.

रविवारी टीव्ही लागला. तो सतरंजीवर नेहमीच्या जागी बसला, आणि त्यानं दुर्गाला हाक मारली.

"आज तू सांग गं. कोण?"

"मला काय कळतंय, मामा." मग भीतभीत कानाशी, "धाकटा भाऊ?"

शेवटी बेड्या ड्रायव्हरला पडल्या. दुर्गा ओशाळली.

"भाऊच," अंबाजी म्हणाला. "ड्रायव्हर नुसता हाताखालचा."

"अवो, पण ड्रायव्हरनं कबूल..." ती थांबली. त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

बरोबर, हे सांगायला त्यानं हात उचलला. सुनेच्या गुडघ्याला हात कसा लावणार? त्यानं आपल्याच गुडघ्यावर थाप मारली, मालुबाईची पडायची तिथंच. एकदा. मग दुसऱ्यांदा. टीव्हीवर बातम्या लागल्या तरी हात तिथंच होता.