वरचं पान

कडी सरकताना खट्ट झालं, आणि दर्शना जागच्या जागी थिजली. चार वर्षांची मनू कूस बदलून पुन्हा झोपली. मोरीजवळून सासूबाईंचा, गंगुबाईंचा, आवाज मात्र आलाच.

"सकाळी सकाळी कातर कशाक?"

"कढीपत्ता तोडते."

गॅलरीच्या कठड्याला बदामाची फांदी टेकली होती. टोकाच्या पानाच्या कडा कापसाने शिवून शिंपी पक्ष्यांच्या जोडीने त्यात घरटं केलं होतं. आत तीन पिल्लं. वर दुसरं रुंद पान, छत्री धरल्यासारखं. आठवडाभर मनू तिथून ओठांवर बोट ठेवूनच जात होती.

झाड तोडून तिथे गाड्या लावायचं चाळीच्या कमिटीने ठरवलं होतं. सेक्रेटरी रामदास तिला जिन्यात गाठून हसायचा.

"वहिनी, सोमवारी निरोप तुमच्या झाडाला. हार आणू की नारळ?"

मग तिने हर्षवर्धनला शोधून काढलं. तो लोकांना पक्षी दाखवायला शहरभर फिरवायचा. काल येऊन त्याने घरटं पाहिलं होतं.

"बघायला माणसं यायला लागली ना ताई, की झाडाला हात लावायला कुणी धजत नाही. फक्त दिसायला हवं. हे एवढं पान आड येतंय."

कापा, असं तो म्हणाला नव्हता.

तिने पान देठापासून कापलं. फांदी हलली तशा तीन चोची वर उघडल्या, आईच आली असं समजून. दर्शनाने कातर पदराआड घेतली.

नऊला चौदा माणसं आली. हर्षवर्धनची नजर ओल्या देठावर क्षणभर अडली. मग त्याने सगळ्यांना हळूच पुढे बोलावलं. तासभर कॅमेरे चालले. कुणीतरी झाडाचं वय विचारलं.

"शंभर तरी असेल," रामदास फोटोसाठी केसांवरून हात फिरवत म्हणाला. "आमच्या चाळीची शान आहे ही. तोडायचा प्रश्नच नाही."

पिल्लं दचकू नयेत म्हणून सगळ्यांनी आवाज न करता टाळ्या वाजवल्या. दर्शनाला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. वाचलं झाड.

मंडळी चहाला खाली उतरली. ती आत मनूला दूधपोळी भरवायला बसली. कठड्यावर कावळ्याच्या नख्या वाजल्या तेव्हा तिला वाटलं, रोजचाच असेल. तिसऱ्यांदा वाजल्या तेव्हा ती उठली. बाहेर पोचेपर्यंत तो तिसरं पिल्लू घेऊन उडाला होता.

खालून रामदासने हाक मारली.

"वहिनी, पुढच्या रविवारी पंचवीस जण येतायत. बोर्ड लावून टाकू?"

तिने मान डोलावली.

शिंपीण आली. चोचीत हिरवी अळी. ती पानात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. मग कठड्यावर बसून अळी तशीच धरून ओरडत राहिली.

मनू दाराशी आली होती, घास अजून गालात.

"आई, ही अळी आता ती कुणाला भरवणार?"