चुना नसलेला दगड

दार बुजवायचं म्हणे! तीस वर्षं मी या हॉस्पिटलच्या भिंतींची डागडुजी करतोय, पण इतकं हलकट काम कुणी सांगितलं नव्हतं.

ही इमारत मुळात गरीबघर. बटाट्याचं पीक कुजून पडलेल्या त्या जुन्या दुष्काळात उपाशी माणसं इथे आली की फाटकातच ताटातूट. नवरा उजव्या अंगणात, बायको डाव्या, मधे ही दगडी भिंत. पुढे हॉस्पिटल झालं आणि एका मेट्रनबाईंनी भिंत फोडून दार केलं, देव त्यांचं भलं करो. पुरुषांच्या वॉर्डातला म्हातारा फेस्टस आणि बायकांच्या वॉर्डातली त्याची सबायना रोज तीन वाजता त्या दारातल्या बाकावर चहा प्यायची. एक्कावन्न वर्षांचा संसार!

सोमवारी कचेरीतल्या टार्पीसाहेबाने दाराला फळ्या ठोकल्या. आज गुरुवार. फेस्टसने जेवण सोडलंय.

"मूळ नकाशात दार नाही, कोलमन. वारसा जपायचाय," साहेब म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "मग अंथरायला मूळचा पेंढाही आणा! मूळची पातळ पेज वाढा! तुमच्या बायकोला टाका पलीकडे!"

"जीभ आवर. जमत नसेल तर दुसरा गवंडी बघतो."

मी रागाने दाराशेजारी हातोडा आपटला. एक दगड खुळखुळला. त्याला चुनाच नव्हता, नुसती माती. ओढला तर अख्खा हातात आला आणि आरपार भोक!

"बघा, हेही मूळचंच. बांधणाऱ्यानेच ठेवलंय. कडा बघा, ताटातूट झालेल्यांचे हात घासून गुळगुळीत झाल्यात."

"काहीतरीच! उंदरांनी केलं असेल," म्हणत साहेबाने कोपरापर्यंत हात आत घातला.

तीन वाजले होते. पलीकडून सबायनाचा आवाज आला. मोतीबिंदूने तिला धड दिसत नाही.

"आलास होय रे? तीन दिवस कुठे तोंड काळं केलं होतंस? घे, ब्रेडला लोणी जास्त लावलंय. गपचूप खा, त्या मेल्या टार्पीला कळलं तर हेही बुजवेल."

साहेब हात ओढू लागला. तिने तो घट्ट धरलेला.

"ओढू नकोस रे. राहू दे थोडा वेळ."

साहेब तसाच भिंतीला टेकून उभा राहिला. मी थापी टाकली, पहार उचलली आणि फळ्या उचकटायला घेतल्या. निघालेली पहिली फळी त्याने मोकळ्या हाताने बाजूला सरकवली.